उपचार आधी की अनामत आधी? राज्यातील आरोग्यविषयक कायदे आणि आपण

आणीबाणीच्या अवस्थेत रुग्णालयाच्या दारी आलेल्या रुग्णाला आधी तपासावे की आधी त्याच्या नातलगांकडून अनामत रक्कम भरून घ्यावी, हा प्रश्न महाराष्ट्रात पुन्हापुन्हा ऐरणीवर येत आहे. २०२५ च्या मार्चअखेरीस पुण्यात एका गर्भवती महिलेचा मृत्यू झाला. ज्या धर्मादाय रुग्णालयात तिला प्रथम नेण्यात आले, तेथे दहा लाख रुपयांची अनामत मागण्यात आली, असा आरोप कुटुंबीयांनी केला. दुसऱ्या रुग्णालयात तिने जुळ्या मुलींना जन्म दिला आणि नंतर प्राण सोडला. राज्यभर संताप उसळला, चौकशी समित्या नेमल्या गेल्या आणि आणीबाणीच्या रुग्णाकडून अनामत मागू नये, असे शासनाने धर्मादाय रुग्णालयांना पुन्हा बजावले.

या वाक्यातील ‘पुन्हा’ हा शब्द आम्हांला महत्त्वाचा वाटतो. कारण ही मनाई नवी नव्हती. ती २००६ पासून अस्तित्वात होती. मग जी गोष्ट जवळजवळ वीस वर्षे कागदावर आहे, ती रुग्णालयाच्या खिडकीपर्यंत का पोहोचत नाही? राज्यातील आरोग्यविषयक कायद्यांचा मागोवा घेताना आम्ही हाच प्रश्न समोर ठेवला आहे. डॉक्टर, परिचारिका, रुग्ण आणि रुग्णाचे नातलग अशा सर्व भूमिकांत आपले श्रद्धावंत वावरत असतात. ख्रिस्तसभा स्वतः रुग्णालये चालवते. त्यामुळे हा विषय आपल्यापासून दूर नाही.

आरोग्याचा कायदा कोणाच्या हाती?

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत ‘सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालये व दवाखाने’ हा विषय राज्यसूचीत ठेवलेला आहे. याचा अर्थ असा की, खासगी रुग्णालयांवर कोणते नियम असावेत हे ठरवण्याची मुख्य जबाबदारी राज्याच्या विधिमंडळाची आहे. संसदेने २०१० साली ‘क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स’ कायदा केला, तोही काही राज्यांच्या विनंतीवरून. इतर राज्यांनी तो स्वीकारायचा की नाही हे त्यांच्यावर सोडलेले होते. उत्तर प्रदेश, राजस्थान, बिहार, झारखंड आदी राज्यांनी तो स्वीकारला. शेजारच्या कर्नाटकाचा २००७ पासून स्वतःचा कायदा आहे. गोव्याने २०१९ साली आपला वेगळा कायदा केला. महाराष्ट्राने केंद्राचा कायदा स्वीकारला नाही. आपला स्वतंत्र कायदा करण्यासाठी २०१४ मध्ये मसुदा तयार झाला, पण तो विधिमंडळात संमत होऊ शकला नाही. रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरांमध्ये होणाऱ्या पैशांच्या देवाणघेवाणीला, म्हणजेच ‘कट प्रॅक्टिस’ला, आळा घालण्यासाठी २०१७ मध्ये तयार झालेल्या मसुद्याचीही तीच गत झाली.

परिणामी आपल्या राज्यात खासगी रुग्णालयांचा मुख्य कायदा आजही १९४९ सालचाच आहे. तत्कालीन मुंबई राज्याने केलेला हा कायदा आता ‘महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम’ या नावाने ओळखला जातो. नाव सांगते त्याप्रमाणे तो मुळात नोंदणीचा कायदा आहे. खाटा किती, परिचारिका किती, जागा कशी, एवढेच पाहण्याचा त्याचा हेतू होता. रुग्णाचे हक्क ही कल्पना त्या काळी कायद्याच्या भाषेत आलेलीच नव्हती.

२०२१ चे नियम

कायदा जुना असला तरी त्याखालचे नियम बदलता येतात. या अधिनियमाखालील १९७३ च्या नियमांत शासनाने १४ जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेद्वारे मोठी सुधारणा केली. कोविडच्या काळात खासगी रुग्णालयांच्या बिलांविषयी सर्वत्र तक्रारी होत होत्या, हे या सुधारणेमागचे नजीकचे कारण. त्याआधी २०१८ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने रुग्णहक्कांची सनद तयार केली होती आणि २०१९ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना ती लागू करण्याविषयी कळवले होते.

या सुधारित नियमांनुसार प्रत्येक नोंदणीकृत शुश्रूषागृहाने रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. खाटेचे भाडे, डॉक्टरांचे तपासणी शुल्क, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह अशा ठळक बाबींचे दरपत्रकही रुग्णाला पाहता आले पाहिजे. आणीबाणीत आलेल्या रुग्णाला प्राथमिक जीवरक्षक उपचार दिले पाहिजेत आणि पुढील उपचारांची सोय तेथे नसेल, तर त्याला सुरक्षितपणे अन्यत्र पोहोचवण्याची व्यवस्था केली पाहिजे. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. तक्रार ऐकण्यासाठी स्थानिक नोंदणी प्राधिकाऱ्याने यंत्रणा उभी करावी, अशीही तरतूद आहे. वसई-विरारसारख्या भागात हे प्राधिकारी म्हणजे महापालिकेचा आरोग्य विभाग.

नियम चांगले आहेत यात शंका नाही. तथापि, आपल्यापैकी किती जणांनी रुग्णालयाच्या भिंतीवर ही सनद लावलेली पाहिली आहे? पाहिली असल्यास ती मराठीत होती काय? विधिमंडळाच्या अधिवेशनातील गदारोळ वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतो. राजपत्रातील अधिसूचना मात्र कोणाच्या वाचनात येत नाही. आरोग्याच्या क्षेत्रात तर अधिनियमापेक्षा नियम, शासन निर्णय आणि न्यायालयीन आदेश यांतूनच रुग्णाच्या पदरात काही पडते. तेच आपल्या नजरेआड राहतात.

धर्मादाय रुग्णालयांची योजना

अशीच नजरेआड राहिलेली, पण अत्यंत मोलाची तरतूद धर्मादाय रुग्णालयांविषयीची आहे. सार्वजनिक न्यासांचा १९५० चा जो कायदा राज्यात लागू आहे, त्यात १९८५ साली ‘४१ कक’ हे कलम घालण्यात आले. वर्षाला पाच लाख रुपयांहून अधिक खर्च असलेल्या धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांनी गरिबांसाठी खाटा राखून ठेवाव्यात, असा त्याचा आशय. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या ऑगस्टमध्ये या कलमाच्या अंमलबजावणीची योजना मंजूर केली आणि १ सप्टेंबर २००६ पासून ती लागू झाली.

या योजनेनुसार रुग्णालयाच्या १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. इतर सर्व रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ म्हणून वेगळ्या खात्यात जमा करावी लागते व त्यातून गरीब रुग्णांच्या औषधांचा आणि साहित्याचा खर्च भागवला जातो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका किंवा दारिद्र्यरेषेखालील असल्याचे पत्र हा पुरावा पुरेसा मानला जातो. आणीबाणीच्या रुग्णाला तात्काळ दाखल करून घेऊन त्याची प्रकृती स्थिर करावी आणि निर्धन वा दुर्बल घटकातील रुग्णाकडे अनामत मागू नये, हेही या योजनेत स्पष्ट म्हटले आहे.

ही अट केवळ मोठ्या व्यावसायिक थाटाच्या रुग्णालयांना लागू नाही. धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून नोंदलेल्या आणि खर्चाच्या निकषात बसणाऱ्या ख्रिस्ती संस्थांच्या रुग्णालयांनाही ती लागू होते. म्हणून ‘इतरांनी कायदा पाळावा’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच मिळतो, जेव्हा आपल्या संस्थांच्या दर्शनी भागात राखीव खाटांचा फलक ठळकपणे लागलेला असतो आणि सामाजिक कार्यकर्त्याची खोली गरीब माणसाला सहज सापडते.

डॉक्टरांची बाजू

रुग्णांच्या हक्कांविषयी लिहिताना डॉक्टरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे असते. ते न्याय्य नाही. गेल्या दोन दशकांत डॉक्टरांवरील हल्ले हीच एक मोठी समस्या होऊन बसली आहे. त्याला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये वैद्यकीय सेवेतील व्यक्ती व संस्था यांच्या संरक्षणाचा कायदा केला. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. मोडतोड केलेल्या मालमत्तेच्या दुप्पट भरपाईही वसूल करता येते. तरीही मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात निवासी डॉक्टरला जबर मारहाण झाली आणि राज्यभरातील निवासी डॉक्टर कामावरून दूर राहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातील शासकीय रुग्णालयात कर्तव्यावर असलेल्या तरुण महिला डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला राष्ट्रीय कृतिदल नेमावे लागले.

रुग्णाचे हक्क आणि डॉक्टरांची सुरक्षितता हे दोन विषय विधिमंडळात वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या दबावांखाली चर्चेला येतात. रुग्ण दगावल्यावर लोकांचा संताप होतो आणि रुग्णहक्कांची मागणी पुढे येते. डॉक्टरला मारहाण झाल्यावर संप होतो आणि शिक्षा वाढवण्याची मागणी पुढे येते. प्रत्यक्षात दोन्ही घटनांचे मूळ बहुधा एकाच ठिकाणी असते. ते म्हणजे पैशांच्या खिडकीपाशी. रात्री दोन वाजता दाखल झालेल्या रुग्णाच्या मुलाला खर्चाचा अंदाज कोणी नीट समजावून सांगत नाही. तक्रार ऐकणारा अधिकारी जागेवर नसतो. समोर उभा असतो तो सर्वांत कनिष्ठ डॉक्टर किंवा परिचारिका. दरपत्रक ठरवण्यात ज्याचा कसलाही हात नसतो, त्यालाच रोषाला तोंड द्यावे लागते. आपल्या अनेक घरांतील मुली परिचारिका म्हणून काम करतात. त्यांना हे वेगळे सांगायला नको. भिंतीवर दरपत्रक लागले आणि तक्रारीची यंत्रणा खरोखर चालू झाली, तर पहिला दिलासा त्यांनाच मिळेल.

राजस्थानचा धडा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आणीबाणीत आधी उपचार करावेत हे तत्त्व न्यायालयांनी फार पूर्वीच मान्य केले आहे. जखमी माणसाचा जीव वाचवणे हे शासकीय आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितले. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील एका खटल्यात न्यायालय पुढे गेले. रेल्वेतून पडून जखमी झालेल्या शेतमजुराला एकामागून एक शासकीय रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले होते. वेळेवर उपचार न देणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भंग आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला.

तत्त्व मान्य झाले, पण खर्च कोणी सोसायचा हे ठरले नाही. २०२३ मध्ये राजस्थान विधानसभेने आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. आणीबाणीत आगाऊ पैसे न घेता उपचार करावेत आणि रुग्णाला ते देता आले नाहीत, तर शासनाने भरपाई करावी, अशी त्यातील तरतूद. मार्चमध्ये कायदा संमत होताच खासगी डॉक्टरांनी तीव्र आंदोलन केले. आणीबाणी कशाला म्हणायचे, भरपाई किती व कधी मिळणार, हे त्यांचे प्रश्न होते. एप्रिलच्या आरंभी शासन व डॉक्टर यांच्यात समझोता झाला आणि अनेक खासगी रुग्णालये कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. पुढे नियमांचीही बराच काळ वाट पाहावी लागली.

आमच्या मते राजस्थानच्या डॉक्टरांचे प्रश्न अवाजवी नव्हते. मोठ्या न्यासाच्या रुग्णालयाला एका रुग्णाचा खर्च सोसता येतो. तालुक्याच्या गावी दहा खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टर दांपत्याला तो सोसवेलच असे नाही. जो कायदा रुग्णालयावर कर्तव्य लादतो आणि पैसे देणारा कोण हे सांगत नाही, तो कायदा प्रत्येक दारात वादाला निमंत्रण देतो. अखेर त्याचा तोटा रुग्णालाच होतो, कारण ‘आमच्याकडे सोय नाही’ असे सांगून त्याला पुढे धाडणे हाच सर्वांत सोपा मार्ग उरतो.

सराईवाल्याचे पैसे

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रवचनांत याजक व लेवी यांच्यावर, आणि अर्थात शोमरोन्यावर, पुष्कळ बोलले जाते. सराईवाल्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. शोमरोन्याने जखमी माणसाला सराईत आणले, त्या रात्री स्वतः त्याची शुश्रूषा केली आणि दुसऱ्या दिवशी दोन नाणी सराईवाल्याच्या हाती देऊन, अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन, असा शब्द दिला. तीन गोष्टी येथे स्पष्ट आहेत. शुश्रूषा आधी झाली. पैशांची गोष्ट नंतर निघाली. आणि सराईवाल्यावर सारा भार टाकून कोणी निघून गेले नाही.

आपल्या कायद्यात शोमरोन्याचे नाव अक्षरशः आले आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या सुधारणेने घातलेले १३४ क हे कलम ‘गुड समॅरिटन’च्या संरक्षणासाठीच आहे. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही आणि त्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आपल्या तालुक्यातून जातो. ही तरतूद आपल्या तरुणांना माहीत असायलाच हवी. मे २०२५ मध्ये केंद्र शासनाने रस्ते अपघातातील जखमींसाठी रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. अपघातानंतर सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, खर्चाची जबाबदारी तीत घेतलेली आहे. अंमलबजावणीची कसोटी पुढेच आहे, तरी दिशा योग्य आहे. येथे शोमरोन्याला संरक्षण मिळाले आणि सराईवाल्याच्या पैशांचीही काही सोय झाली.

हेच तत्त्व अपघातांपुरते मर्यादित राहू नये, असे आम्हांला वाटते. हृदयविकाराचा झटका, अवघड बाळंतपण, सर्पदंश यांतील रुग्णही तितकाच असहाय असतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा विस्तार करून राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय शासनाने २०२३ मध्ये घेतला. पण ही योजना अंगीकृत रुग्णालयांतच चालते आणि आणीबाणीत माणूस जवळचे रुग्णालय गाठतो. रुग्णालय अंगीकृत असो वा नसो, पहिल्या काही तासांतील जीवरक्षक उपचारांचा खर्च ठरलेल्या दराने व ठरलेल्या मुदतीत शासन देईल, अशी तरतूद राज्याच्या कायद्यात झाल्यास खिडकीपाशी होणारा निम्मा वाद मिटेल. परमगुरू संत तेविसावे जॉन यांनी १९६३ च्या ‘पाचेम इन तेरिस’ या विश्वपत्रात वैद्यकीय उपचारांची गणना माणसाच्या हक्कांत केली होती. हक्क म्हटला की तो पुरवण्याची जबाबदारी साऱ्या समाजाची ठरते. ती एकट्या डॉक्टरवर टाकता येत नाही.

धर्मग्रामांत काय करता येईल?

विधिमंडळात कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. आज हाती असलेल्या तरतुदी लोकांपर्यंत पोहोचवणे हेच मोठे काम आहे. त्यासाठी आम्ही काही सूचना करू इच्छितो.

प्रत्येक धर्मग्रामात, विशेषतः लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकांत, धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेची माहिती द्यावी. उत्पन्नमर्यादा वेळोवेळी बदलत असते, म्हणून ती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून नव्याने विचारून घ्यावी. उत्पन्नाचा दाखला आजारपण आल्यावर काढायला धावू नये. तो आधीच काढून शिधापत्रिकेसोबत ठेवावा. सेंट विन्सेंट डी पॉल संस्थेचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे गरिबांच्या घरी जातात. त्यांच्या मदतीने हे काम सहज होईल. आदिवासी पाड्यांवरील आणि इतर धर्मांच्या बांधवांनाही ही माहिती द्यावी, कारण योजना सर्वांसाठी आहे.

रुग्णालयात दरपत्रक व सनद दिसली नाही, तर भांडण न करता नोंदणी प्राधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी आणि तिची पोच घ्यावी. डॉक्टर वा परिचारिकेवर हात उगारणे हा गुन्हा आहे, तसेच ते पापही आहे, हे व्यासपीठावरून स्पष्ट सांगितले जावे. आपल्यातील डॉक्टरांनी, परिचारिकांनी आणि वकिलांनी एकत्र बसून नव्या अधिसूचनांवर लक्ष ठेवावे. नियमांचे मसुदे राजपत्रात प्रसिद्ध होतात, तेव्हा हरकती व सूचना मागवल्या जातात. त्या मुदतीत धर्मप्रांतातून एक अभ्यासपूर्ण निवेदन गेले, तर नंतरच्या दहा मोर्चांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

आणि शेवटी आपल्या संस्थांविषयी. १९४३ साली डॉक्टर असलेल्या धर्मभगिनी मेरी ग्लोरी यांनी कॅथॉलिक रुग्णालयांची देशव्यापी संघटना उभारली, तेव्हा गरिबांना सेवा मिळावी हीच तळमळ त्यामागे होती. आजचा खर्च, यंत्रसामग्री आणि वेतने पाहता ती तळमळ टिकवणे कठीण आहे, याची आम्हांला जाणीव आहे. म्हणूनच संस्थाचालकांकडून अपेक्षा करताना श्रद्धावंतांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. लग्न, वाढदिवस, पुण्यतिथी यांनिमित्त आपण पुष्कळ खर्च करतो. त्यातील काही भाग आपल्या रुग्णालयाच्या निर्धन रुग्ण निधीत देणगी म्हणून जमा केला, तर एखाद्या रात्री अनोळखी रुग्णासाठी दार विनाअट उघडेल. दरवर्षी ११ फेब्रुवारीला आपण जागतिक रुग्णदिन पाळतो, रुग्णांसाठी मिस्सा अर्पण करतो. त्या दिवशी प्रत्येक धर्मग्रामाने या निधीसाठी दान गोळा करावे आणि वर्षभरात किती रुग्णांना त्याचा लाभ झाला, याचा हिशेब पुढच्या वर्षी त्याच दिवशी लोकांपुढे मांडावा.